विमा उतरवलेला बाजार कसा कोसळला

१९ ऑक्टोबर १९८७, सोमवार. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात ५०८ अंशांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी पडला. १९२९ च्या कुप्रसिद्ध ऑक्टोबरातही एका दिवसाची घसरण १३ टक्क्यांच्या आतच राहिली होती. अमेरिकेत व्याजदर चढत होते, व्यापारी तुटीचे आकडे वाईट आले होते, हे खरं. पण तेवढ्याने बाजार एका दिवसात एवढा आपटत नाही.

संशय गेला तो एका गणिती युक्तीवर. तिचं नाव 'पोर्टफोलिओ इन्शुरन्स'. बर्कलीचे प्राध्यापक हेन लेलंड आणि मार्क रुबिनस्टाईन यांची ही कल्पना. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क; त्याची किंमत काढण्याचं ब्लॅक-शोल्स सूत्र १९७३ मध्ये आलं होतं. त्या सूत्रानुसार, नुकसानीला तळ घालणारा 'पुट ऑप्शन', म्हणजे विकण्याचा हक्क, विकत न घेताही त्याचा परिणाम साधता येतो: भाव पडतील तसतसे थोडे थोडे विकत जायचं, चढले की परत घ्यायचे. किती विकायचं ते कॉम्प्युटर सांगणार. पेन्शन फंडांना हे फारच आवडलं. ना विमा कंपनी, ना हप्ता! दरवेळी शेकडो कंपन्यांचे शेअर विकत बसायलाही नको, शिकागोत निर्देशांकाचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे आजच भाव ठरवून केलेले सौदे, विकले की काम झालं.

सूत्रात एक गृहीतक मात्र दडलेलं होतं: आपण विकल्याने भाव हलत नाही. एकट्यादुकट्या फंडापुरतं ते चालून जातं. पण १९८७ पर्यंत किमान ६० अब्ज डॉलरच्या शेअर्सवर हाच 'विमा' होता, आणि सगळ्यांचे कॉम्प्युटर एकाच वेळी एकच आज्ञा देणार होते. घराचा विमा परवडतो, कारण सगळ्या गावाला एकदम आग लागत नाही. इथे विमाच आगीत तेल ओतणारा.

सरकारने नेमलेल्या ब्रॅडी समितीच्या अहवालात याचे आकडे आहेत. बाजार १० टक्के पडला की साधारण २० टक्के शेअर विका, असा हिशोब. आदल्या शुक्रवारपर्यंत बाजार तेवढा पडलाच होता; सूत्राप्रमाणे किमान १२ अब्ज डॉलरची विक्री व्हायला हवी होती, झाली होती ४ अब्जांहूनही कमी. म्हणजे उरलेला माल सोमवारी बाहेर येणार, हे मुरलेल्या दलालांना शनिवार-रविवारीच कळून चुकलं होतं. त्यांनी आधीच विकायला सुरुवात केली, तर नवल काय? सोमवारी एकट्या एका विमेकरी संस्थेने जेमतेम १० कोटी डॉलरचा एक हप्ता, असे १३ हप्ते न्यूयॉर्कमध्ये ओतले. शिकागोत फ्युचर्स शेअर्सपेक्षाही स्वस्त झाले; मग तिथे घ्या आणि इथे विका असा धंदा करणाऱ्यांनी ती घसरण न्यूयॉर्कला पोचवली. भाव पडले की कॉम्प्युटर आणखी विक्री सांगणार, आणि त्या विक्रीने भाव आणखी पडणार. अभियंते याला धन प्रतिपोषण म्हणतात.

सगळा दोष या युक्तीच्या माथी मारणं मला पटत नाही. तिचं फारसं प्रस्थ नसलेले लंडन-हाँगकाँगचे बाजारही त्याच दिवशी गडगडले होते. पण अमेरिकेतल्या घसरणीचा वेग तिच्याशिवाय समजत नाही.

मंगळवारी सकाळी, बाजार उघडण्याआधीच, फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी रोकड पुरवायची तयारी जाहीर केली. पुढच्या वर्षी तिथे सर्किट ब्रेकर आले, म्हणजे ठरावीक घसरणीनंतर व्यवहार काही काळ थांबवायचे. भारतात सेबीने २००१ पासून १०, १५ आणि २० टक्क्यांचे टप्पे ठेवले. मार्च २०२० मध्ये मुंबईत ते लागूही झाले.

शिकागोचे फ्युचर्स त्या सोमवारी २९ टक्के पडले होते. जुन्या सूत्राच्या हिशोबाने अशी घटना घडण्याची शक्यता एकावर १६० शून्यं इतक्यांत एक, हे पुढे एका शोधनिबंधात मांडलं गेलं. त्याच्या दोन लेखकांपैकी एक होते खुद्द रुबिनस्टाईन. ऑप्शनच्या बाजाराने मात्र निबंधाची वाट पाहिली नाही. ८७ च्या आधी निर्देशांकाच्या सगळ्या ऑप्शन्सच्या भावांतून अस्थिरतेचा, म्हणजे बाजार किती खालीवर होईल याचा, अंदाज जवळपास सारखाच निघे. त्यानंतर मोठ्या पडझडीपासून वाचवणारे पुट महाग झाले, ते आजतागायत.