क्रूझची केबिन निवडताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

क्रूझची चौकशी करायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "बाल्कनीची केबिन घ्यावी का?" आम्ही त्यावर आधी दुसरंच विचारतो. केबिनमध्ये कोण कोण झोपणार आहे? कुणाला बस किंवा बोट लागते का? कुणाचे गुडघे दुखतात का? रात्री कुणाला दोन-तीनदा उठावं लागतं का? याची उत्तरं मिळाली की निम्मी निवड तिथेच होते. खिडकी हवी की बाल्कनी, हे त्यानंतर ठरवलं तरी चालतं. केबिन जहाजाच्या कोणत्या भागात आहे, हे मात्र पैसे भरण्याआधीच बघायला हवं. आमच्या अनुभवात प्रवासानंतरच्या तक्रारी केबिनच्या प्रकाराबद्दल फार कमी असतात, जास्त असतात त्या जागेबद्दल.

जहाजाचा नकाशा कसा वाचायचा

प्रत्येक क्रूझ कंपनी आपल्या जहाजाचा मजलावार नकाशा देते. त्याला डेक प्लॅन म्हणतात. बुकिंगच्या वेळी आम्ही तो तुमच्यासमोर उघडतो. घरी बसून बघायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. केबिन नंबरातले सुरुवातीचे एक किंवा दोन आकडे डेकचे असतात. पुढचे आकडे बहुतेक जहाजांवर पुढच्या टोकाकडून मागे वाढत जातात. सम-विषम आकड्यांवरून डावी-उजवी बाजू कळते, पण कोणती बाजू सम आणि कोणती विषम हे कंपनीगणिक बदलतं. त्यामुळे नुसत्या नंबरावरून अंदाज बांधू नका. नकाशावर बोट ठेवून बघा.

जहाज दोन तऱ्हांनी हलतं. एक, पुढचं टोक वर जातं तेव्हा मागचं खाली येतं. दुसरं, जहाज डावी-उजवीकडे कलतं. मुलांच्या सी-सॉवर दोन्ही टोकं जोरात वर-खाली होतात आणि मधली जागा जवळपास स्थिर राहते, जहाजाचंही तसंच असतं. कलण्याचा त्रास जसजसे वरच्या डेकवर जाल तसतसा वाढतो. म्हणून ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी खालच्या डेकवरची, लांबीच्या मधोमध असलेली केबिन सगळ्यात चांगली. आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात. त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. ते कलणं बरंच कमी करतात, पण पुढे-मागे होणाऱ्या हालचालीवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. "मोठं जहाज आहे, काही कळणार नाही" असं सांगणाऱ्यावर पूर्ण विसंबू नका. जहाज मोठं असलं की हालचाल कमी जाणवते हे खरं, पण अगदी पुढच्या टोकाच्या वरच्या डेकवर ती मोठ्या जहाजातही जाणवते.

आता आवाजाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. नकाशावर आपल्या केबिनच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे दोन्ही बघायचं. वर केबिन आणि खालीही केबिन असेल तर झोप शांत लागते. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज डोक्यावर येतो. वर बुफे असेल तर ट्रॉल्यांची चाकं ऐकू येतात. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्र उलटून गेली तरी ढोलाचे ठोके जमिनीतून येत राहतात. पुढच्या टोकाच्या खालच्या डेकवर नांगराची साखळी ऐकू येते. बंदरात शिरताना जहाज आडवं सरकवणारी यंत्रंही तिथेच असतात, आणि बंदरात शिरण्याची वेळ बहुधा पहाटेची असते. मागच्या टोकाला खाली जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्यांची (प्रोपेलरची) थरथर जाणवते. नकाशावर काही जागा नुसत्या कोऱ्या दिसतात. त्या रिकाम्या नसतात. तिथे कर्मचाऱ्यांची कोठारं, कपड्यांच्या खोल्या किंवा स्वयंपाकघराचा भाग असतो, आणि तिथली ये-जा रात्रभर चालते. कोऱ्या जागेला लागून असलेली केबिन आम्ही शक्यतो सुचवत नाही.

लिफ्ट जवळ हवी, पण दाराला लागून नको. चार-पाच केबिन सोडून असलेली जागा उत्तम. ज्येष्ठांच्या बाबतीत हा मुद्दा आम्ही खिडकीच्याही वर ठेवतो. सिंगापूरहून सुटणाऱ्या गेंटिंग ड्रीमसारख्या जहाजाची लांबी 335 मीटर आहे. केबिन मागच्या टोकाला आणि थिएटर पुढच्या टोकाला असेल, तर एकदा जाऊन परत येण्यातच अर्ध्या किलोमीटरहून जास्त चालणं होतं. दिवसातून तीन वेळा जेवणाला जायचं, हेही त्यात धरा.

केबिनचे प्रकार

इनसाइड किंवा इंटिरियर केबिनला खिडकी नसते. ती सगळ्यात स्वस्त असते, आणि झोपण्यासाठी फार छान, कारण आत पूर्ण अंधार होतो. त्याच कारणाने काहींना ती सोसत नाही. सकाळ झाली की नाही हे कळत नाही. रात्री जाग आलेल्या आजी-आजोबांना क्षणभर दिशाच सुचत नाही. अशी केबिन घेतली तर छोटा रात्रीचा दिवा बरोबर ठेवा, किंवा बाथरूमचा दिवा लावून दार थोडं उघडं ठेवा. बऱ्याच जहाजांवर टीव्हीच्या एका चॅनेलवर पुढच्या कॅमेऱ्याचं दृश्य सतत चालू असतं. आवाज बंद करून तो चॅनेल लावला की बाहेर उजाडलंय का, हे कळतं.

ओशन व्ह्यू म्हणजे न उघडणारी खिडकी. ज्यांना बोट लागते त्यांना दूरचं क्षितिज दिसलं की बरं वाटतं, म्हणून त्यांच्यासाठी खालच्या मधल्या भागातली ओशन व्ह्यू आमची पहिली पसंती. काही खिडक्यांसमोर बचावाच्या होड्या टांगलेल्या असतात. अशी केबिन "ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू" या नावाने कमी भाड्यात मिळते. खिडकी पूर्ण झाकलेली आहे की थोडीच, हे विचारून घ्या. उजेड हवा आणि समुद्र थोडा कमी दिसला तरी चालेल असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी तो चांगला सौदा ठरतो.

बाल्कनीचं आकर्षण आम्हाला समजतं. सकाळचा चहा घेऊन समोर नुसतं पाणी बघत बसणं हे सुख खरंच वेगळं. पण ते सुख किती तास मिळणार, याचा हिशोब करा. दोन रात्रींच्या सफरीत जेवण, कार्यक्रम, पोहणं आणि बंदरातली भटकंती वजा केली की बाल्कनीत बसायला फार थोडा वेळ उरतो. जहाज वेगात असताना वाराही जोराचा असतो. बहुतेक जहाजांवर बाल्कनीत धूम्रपानाला बंदी असते. कठड्यावर ओले कपडे वाळत घालायलाही मनाई असते, कारण ते उडून खालच्या डेकवर किंवा समुद्रात जातात.

मार्गाप्रमाणे आमचा सल्ला

मुंबई–गोवा किंवा मुंबई–लक्षद्वीप करणाऱ्या आमच्या बहुतेक ग्राहकांनी कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे जहाज पाहिलेलं असतं किंवा ऐकलेलं असतं. हे जहाज 1990 साली फ्रान्समधल्या सेंट-नझैर इथे बांधलं गेलं. बरीच वर्षं ते रॉयल कॅरिबियनकडे होतं, आणि 2021 पासून ते भारतातून चालतं. लांबी सुमारे 211 मीटर. त्या काळी जहाजांना आजच्यासारख्या बाल्कन्यांच्या रांगा नसायच्या, त्यामुळे इथे बाल्कनीच्या केबिन मोजक्या आहेत आणि त्या मिनी सूट व सूट या महाग प्रकारांत येतात. साध्या केबिनही आताच्या नव्या जहाजांच्या मानाने लहान आहेत. दोन मोठ्या बॅगा उघड्या ठेवल्या की चालायला जागा उरत नाही. मऊ बॅग आणा, रिकामी करून पलंगाखाली सारता येते.

गोव्याच्या दोन रात्रींसाठी आम्ही स्पष्ट सांगतो : मधल्या भागातली ओशन व्ह्यू घ्या, बजेट तंग असेल तर इनसाइड घ्या, आणि वाचलेले पैसे मुरगावला उतरल्यावर चांगली गाडी करून फिरण्यात घाला. सूर्यास्तासाठी कोणती बाजू घ्यावी, असं बरेच जण विचारतात. मुंबईहून गोव्याला जाताना जहाजाचं तोंड दक्षिणेकडे असतं, म्हणजे पश्चिम उजव्या हाताला येते. परतीला तीच बाजू डावीकडे जाते. त्यामुळे एकाच खिडकीतून दोन्ही संध्याकाळी मावळतीचा सूर्य दिसत नाही. सूर्यास्त बघायला वरच्या मोकळ्या डेकसारखी जागा नाही, तिथे सगळ्यांनाच फुकट दिसतो.

अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. मुंबईहून क्रूझचा खरा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो. हिवाळ्यात पाणी बहुतेक शांत असतं. तरी ज्यांना बोट लागते त्यांनी गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं, विशेषतः रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर.

सिंगापूरहून पेनांग किंवा फुकेतच्या बाजूला जाणाऱ्या सफरींत मलाक्काच्या सामुद्रधुनीचं पाणी दोन्ही बाजूंच्या जमिनीमुळे बरंच शांत असतं. तिथे हालचालीची चिंता कमी, चालण्याची जास्त. लिफ्टजवळची केबिन मागा.

भूमध्य समुद्रातल्या सफरीत जवळजवळ रोज नवं बंदर असतं. रोम बघायचं तर जहाज चिविताव्हेकियाला लागतं, आणि तिथून रोम 70 किलोमीटरच्या आसपास दूर आहे. म्हणजे सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी थकून परत येतो. अशा सफरीत बाल्कनीसाठी जादा पैसे देण्यापेक्षा आम्ही इनसाइड किंवा ओशन व्ह्यू सुचवतो.

अलास्काचं गणित मात्र उलटं आहे, आणि तिथे आम्ही बाल्कनीचा आग्रह धरतो. तिथे बघायचं ते बहुतेक जहाजावरूनच बघायचं असतं. हिमनद्या, बर्फाचे डोंगर, कधी देवमासेही. तेही मे ते सप्टेंबर या हंगामात, म्हणजे दिवस मोठे असताना. ग्लेशियर बेमध्ये जहाज तासन् तास असतं, कुठेही लागत नाही. मार्जरी हिमनदीसमोर ते सावकाश वळतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लोकांना ती दिसते. व्हँकुव्हरहून उत्तरेला एकाच दिशेने जाणाऱ्या सफरीत किनारा बराच वेळ उजव्या हाताला राहतो, म्हणून तिथे आम्ही उजवी बाजू धरतो. ज्यांना थंडी सोसत नाही अशा ज्येष्ठांना तर स्वतःची बाल्कनी फार उपयोगी पडते. शाल पांघरून पाच मिनिटं बाहेर यायचं, पुन्हा आत जायचं, हे वरच्या डेकवरून दरवेळी जमत नाही.

कुटुंबासाठी

आई-बाबा, दोन मुलं आणि आजी-आजोबा अशी सहा माणसं असतील तर "चौघांची एक आणि दोघांची एक" हा हिशोब कागदावर स्वस्त दिसतो. चौघांच्या केबिनमध्ये तिसरा आणि चौथा पलंग बहुधा भिंतीतून किंवा छतातून खाली येतो आणि शिडीने चढावं लागतं. सहा वर्षांखालच्या मुलाला तिथे झोपवू नये, ज्येष्ठांना तर नकोच. बाथरूम एकच, आणि सकाळी बंदरात उतरायच्या वेळी सगळ्यांना एकदमच आवरायचं असतं. आतून दार असलेल्या दोन जोडकेबिन मिळाल्या तर सगळ्यात सोयीचं. त्या नसतील तर समोरासमोरच्या दोन इनसाइड बघा. पण दोघंच जाणार असाल तर आतलं दार असलेली केबिन टाळा, पलीकडचं बोलणं त्या दारातून ऐकू येतं.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, उंबरा नसलेल्या बाथरूमच्या वेगळ्या केबिन असतात. साध्या केबिनच्या बाथरूमला उंच उंबरा असतो, तिथे रात्री ठेच लागते. या खास केबिन थोड्याच असतात आणि लवकर संपतात, म्हणून आम्हाला शक्य तितकं आधी सांगा. हे सांगताना संकोच करू नका.

केबिनमधल्या काही गोष्टी

परदेशी जहाजांच्या शौचालयात जेट स्प्रे बहुधा नसतो, एक छोटा मग बरोबर ठेवा. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री बहुतेक जहाजांवर तपासणीतच काढून घेतात. केबिनमध्ये उदबत्ती, निरांजन किंवा मेणबत्ती अजिबात लावू नका. समुद्रात आगीइतका मोठा धोका दुसरा नाही, आणि धुराची यंत्रणा लगेच वाजते. रोजची पूजा चुकवायची नसेल तर बॅटरीवरचा दिवा चालतो. भिंती बहुतेक ठिकाणी लोखंडी असतात, म्हणून चुंबकाचे हुक आणलेत तर टोप्या आणि पिशव्या छान टांगता येतात.

पैसे भरण्याआधी

क्रूझचं भाडं साधारणपणे दोघांत एक केबिन धरून माणशी सांगितलं जातं. एकट्याने जाणाऱ्याला बऱ्याचदा जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. बंदर शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांची टिप त्यात धरली आहे का, हे आमच्याकडून लेखी घ्या.

"गॅरंटी" नावाचा एक स्वस्त पर्याय दिसेल. त्यात प्रकार पक्का असतो, पण केबिन नंबर कंपनी नंतर ठरवते. कधी वरचा प्रकारही मिळतो, कधी अगदी टोकाची केबिन वाट्याला येते. तरुण जोडप्याने तो जरूर घ्यावा. बरोबर ज्येष्ठ, लहान मूल किंवा बोट लागणारं कुणी असेल तर आम्ही तो तुमच्यासाठी बुक करणार नाही, तुम्ही म्हणालात तरी आधी एकदा फोन करून बोलू. जहाज भरलेलं असेल तर चढल्यावर केबिन बदलून मिळत नाही. म्हणून शेवटचा हप्ता भरण्यापूर्वी केबिन नंबर मागून घ्या आणि आमच्या कार्यालयात येऊन किंवा फोनवर आमच्याबरोबर तो नकाशावर बघा. तुमच्या वर आणि खाली काय आहे, हे आम्ही तेव्हाच तपासून देतो.