एक पौंड कापूस, एक पौंड सोनं

सोन्याचा भाव उसळला की बातमीत 'प्रति औंस इतके डॉलर' असं येतं आणि लगेच एक ढकलपत्र फिरू लागतं: औंस म्हणजे 28.35 ग्रॅम, भागाकार करा आणि बघा परदेशात सोनं किती महाग आहे ते! भागाकार बरोबर असतो, औंस चुकीचा. 28.35 ग्रॅमचा औंस किराणा मालाचा. सोन्याचांदीचा ट्रॉय औंस 31.1035 ग्रॅमचा. हिशेब जवळजवळ दहा टक्क्यांनी तिथेच फसतो. पुढे ढकलण्याआधी निदान एवढं तरी तपासावं.

इंग्लंडच्या व्यापारात दोन पौंड एकाच वेळी नांदत होते. लोकर, लोणी, कोळसा यांसाठी 7000 ग्रेनचा अव्हर्दुपॉइज पौंड, तर सोन्याचांदीसाठी 5760 ग्रेनचा ट्रॉय पौंड. ग्रेन दोन्हीकडे एकच, सुमारे 64.8 मिलीग्रॅमचा. पण मोठ्या पौंडाचे औंस 16 आणि छोट्याचे 12. त्यामुळे कापसाचा पौंड सोन्याच्या पौंडापेक्षा जड, पण औंस मात्र सोन्याचा जड! आपला 11.66 ग्रॅमचा तोळाही इंग्रजी राजवटीत याच ग्रेनला बांधला गेला: 180 ग्रेन, म्हणजे तेव्हाच्या एका रुपयाच्या नाण्याचं वजन. 80 तोळ्यांचा शेर, 40 शेरांचा सरकारी मण. गुणाकार करून पाहा, मण बरोबर 100 ट्रॉय पौंड भरतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. 16 ऑक्टोबर 1834 रोजी लंडनच्या पार्लमेंटमध्ये जुन्या हिशेबाच्या लाकडी कांड्या जाळताना आग भडकली आणि 1758 सालचा प्रमाण ट्रॉय पौंड, म्हणजे बाकीची वजनं ज्याच्याशी ताडून पाहायची ते मूळ पितळी वजन, इमारतीबरोबर गेला. 1824 च्या कायद्यात सोय होती: 62 अंश फॅरनहाइटला एक घन इंच शुद्ध पाणी 252.458 ग्रेन भरतं, त्यावरून पौंड पुन्हा काढा. पण पाणी मोजण्यातली चूक जुन्या पौंडाच्या प्रतींमधल्या फरकापेक्षा मोठी निघणार होती. म्हणून प्रतींवरून नवा पौंड घडवायचं ठरलं आणि काम केंब्रिजचे खनिजशास्त्रज्ञ विल्यम हॅलोज मिलर यांच्याकडे आलं.

अडचण होती हवेची. शाळेत आर्किमिडीजचं तत्त्व आपण पाण्यासाठी शिकतो, पण ते हवेलाही लागू आहे. वस्तू जितकी हवा बाजूला सारते, तितक्या हवेच्या वजनाएवढं प्लावक बल तिला वर ढकलतं. लिटरभर हवेचं वस्तुमान सुमारे 1.2 ग्रॅम. 8.4 घनतेच्या पितळेचा ट्रॉय पौंड 44 घन सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे तराजूवर 53 मिलीग्रॅम हलका भासतो. प्लॅटिनमची घनता 21 च्या वर, त्यामुळे तोच पौंड फक्त 21 मिलीग्रॅम हलका. हवेत दोन्ही पारडी समतोल दिसली, तरी पितळेत 32 मिलीग्रॅम, सुमारे अर्धा ग्रेन, जास्त द्रव्य असतं! (पितळी वजनांनी हवेत तोललेल्या किलोभर कापसातही याच कारणाने साधारण 0.65 ग्रॅम जास्त द्रव्य असतं.)

मिलर यांच्या हाताशी प्लॅटिनमच्या प्रती होत्या, पण जळालेल्या पितळी पौंडाची घनता कोणी मोजलेलीच नव्हती. ती 8.4 ऐवजी 8.0 धरली, तर उत्तर अडीच मिलीग्रॅमहून जास्त सरकतं. त्यात हवेची घनता तापमान, दाब आणि बाष्पाबरोबर बदलते, म्हणून प्रत्येक तोलाबरोबर थर्मामीटर आणि बॅरोमीटरची नोंद हवीच. वजन करायचं, तर आधी हवेचं वजन करायला हवं. अशा तोलण्यांतून प्लॅटिनमचा 7000 ग्रेनचा नवा पौंड उभा राहिला आणि 1855 च्या कायद्याने प्रमाण ठरला. त्याच्या चार प्रती केल्या: टांकसाळ, रॉयल सोसायटी आणि ग्रिनिच वेधशाळेत एकेक ठेवली, चौथी नव्या पार्लमेंटच्या भिंतीत चिणली. 1959 च्या आंतरराष्ट्रीय करारात पौंड थेट किलोग्रॅमवरून ठरवला गेला, 0.45359237 किलोग्रॅम, ब्रिटनच्या 1963 च्या कायद्यानेही तोच स्वीकारला आणि प्लॅटिनमच्या त्या तुकड्याचं काम संपलं.