असंकेतक डीएनए आणि स्तनाचा कर्करोग

ज्या डीएनएवरून प्रथिन तयार होत नाही, त्याला असंकेतक डीएनए म्हणतात. माणसाच्या जीनोममधल्या, म्हणजे संपूर्ण डीएनएतल्या, सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी (रासायनिक घटकांपैकी) प्रथिनांची कृती सांगणारा मजकूर जेमतेम दीड टक्का आहे. बाकी सगळा असंकेतक. १९७२ साली जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी 'जंक डीएनए' हा शब्द रूढ केला आणि पुढे कित्येक वर्षे या भागाकडे अडगळ म्हणूनच पाहिले गेले. त्यात अडगळ किती, हा वाद अजून मिटलेला नाही. २०१२ साली डीएनएच्या कोणत्या भागाचे काय काम हे शोधणाऱ्या 'एनकोड' प्रकल्पाने जीनोमच्या ८० टक्के भागाला काही ना काही जैवरासायनिक काम असल्याचे जाहीर केले, तेव्हा उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी कडाडून हरकत घेतली. एखादा रेणू येऊन चिकटला म्हणजे ती जागा उपयोगाची ठरत नाही, हे त्यांचे म्हणणे रास्तच होते. मात्र कोणते जनुक कधी, कोणत्या पेशीत आणि किती जोमाने चालावे हे ठरवणाऱ्या जागा याच भागात आहेत, याबद्दल दुमत नाही. स्तनाच्या कर्करोगात या जागांचा अभ्यास विशेष खोलवर झाला आहे.

जनुकाच्या तोंडाशीच असते ती नियंत्रक जागा म्हणजे प्रमोटर. जनुकाचे काम वाढवणारी जागा म्हणजे एन्हान्सर. तो मात्र हजारो, कधी लाखो अक्षरे दूर असतो. एवढ्या अंतरावरून तो काम करतो, कारण पेशीकेंद्रात डीएनए ताणून ठेवलेला नसतो. घडी घातलेल्या लुगड्याचे लांबचे दोन काठ एकमेकांवर यावेत, तसे एन्हान्सर आणि प्रमोटर शेजारी येतात. सर्वांत जवळचे जनुक हेच त्याचे जनुक असेल, असेही नाही. या क्षेत्रातल्या निम्म्या डोकेदुखीचे मूळ इथे आहे.

स्तनाच्या कर्करोगाच्या बहुसंख्य गाठी 'ईआर पॉझिटिव्ह' असतात, म्हणजे त्यांच्या पेशींत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा रिसेप्टर (त्याला पकडणारे प्रथिन) असतो. इस्ट्रोजेन मिळताच हा रिसेप्टर डीएनएवर जाऊन बसतो. तो नेमका कुठे बसतो, हे २००६ साली एमसीएफ-७ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशींत संपूर्ण जीनोमभर तपासले गेले. या पेशी १९७० साली एका कॅथलिक ननच्या छातीत झालेल्या पाण्यातून मिळवलेल्या. एमसीएफ म्हणजे मिशिगन कॅन्सर फाउंडेशन आणि ७ म्हणजे सातवा प्रयत्न. रिसेप्टर बसण्याच्या जागांपैकी प्रमोटरला लागून असलेल्या सुमारे ४ टक्केच निघाल्या, उरलेल्या दूरवर पसरलेल्या होत्या. या जागा रिसेप्टरसाठी आधी मोकळ्या करून ठेवण्याचे काम फॉक्सए१ नावाचे प्रथिन करते. घट्ट गुंडाळलेल्या डीएनएतही त्याला शिरता येते. ते काढून घेतले, तर रिसेप्टर बहुतेक ठिकाणी बसूच शकत नाही.

बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांतले, स्तनाच्या कर्करोगाची जोखीम खूप वाढवणारे दोष प्रसिद्ध आहेत, पण ते थोड्याच कुटुंबांत आढळतात. समाजात सर्रास आढळणाऱ्या, प्रत्येकी थोडीशीच जोखीम वाढवणाऱ्या अक्षरबदलांचा शोध २००७ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. पहिल्याच मोठ्या अभ्यासात सर्वांत ठळक खूण एफजीएफआर२ या जनुकाच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये सापडली. इंट्रॉन म्हणजे जनुकाच्या हद्दीत असूनही प्रथिनाच्या मजकुरात न येणारा तुकडा. २०१७ साली एकाच अभ्यासाने आणखी ६५ जागा दाखवल्या. अशा जागांची एकूण संख्या आता दीडशेच्या वर आहे आणि त्यांतल्या बहुतेक असंकेतक भागात आहेत.

जागा सापडणे ही सुरुवातच असते. शेजारशेजारची अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या एकगठ्ठा वारशाने येतात, त्यामुळे पाचपन्नास संशयितांतून खरा कर्ता हुडकावा लागतो. सोळाव्या गुणसूत्रावर टॉक्स३ जनुकाजवळ असा एक कर्ता २०१२ साली पकडला गेला. तिथले जोखमीचे अक्षर फॉक्सए१ला अधिक घट्ट धरून ठेवते आणि परिणामी टॉक्स३चे काम मंदावते. ज्या प्रथिनाने वाट मोकळी करायची, त्याची पकड घट्ट झाल्याने इथे जनुक दबते.

अकराव्या गुणसूत्रावरचे उदाहरण याहून बुचकळ्यात टाकणारे आहे. सायक्लिन डी१ हे प्रथिन पेशीला विभाजनाकडे ढकलते. स्तनाच्या कित्येक गाठींत त्याच्या जनुकाच्या जादा प्रती असतात, आणि पाल्बोसिक्लिबसारखी औषधे हे प्रथिन ज्या एन्झाइमांना चालना देते, त्यांनाच रोखतात. तेव्हा वारशाने येणारी जोखीमही सायक्लिन डी१ वाढवत असणार, असा अंदाज कोणीही बांधेल. २०१३ साली निघाले उलटेच. जनुकापासून सुमारे सव्वा लाख अक्षरे दूर असलेल्या एका एन्हान्सरमध्ये जोखमीच्या अक्षरामुळे ईएलके४ या प्रथिनाला नीट बसता येत नाही, एन्हान्सर दुबळा होतो आणि सायक्लिन डी१ घटते. गाठ वाढवणारी गोष्ट आणि गाठीची शक्यता वाढवणारी गोष्ट एकच असेल असे गृहीत धरता येत नाही, हे या जागेइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

हे सारे वारशाने आलेले बदल झाले. गाठीत नव्याने घडणारे असंकेतक बदलही असतात. ३६० गाठींच्या २०१७ सालच्या एका अभ्यासात खुद्द फॉक्सए१च्या प्रमोटरमध्ये पुन्हा पुन्हा होणारा बदल आढळला. त्यामुळे ते प्रथिन जास्त बनते. पण २०२० साली वेगवेगळ्या कर्करोगांच्या अडीच हजारांहून जास्त गाठींचे संपूर्ण जीनोम एकत्र तपासले गेले, तेव्हा असे कर्करोगाला चालना देणारे असंकेतक बदल संकेतक बदलांच्या मानाने कमीच निघाले.

असंकेतक डीएनएचा बराच भाग आरएनएत, म्हणजे डीएनएवरून बनणाऱ्या नकलेत, उतरवला जातो. लांब आरएनएंपैकी हॉटेअरचा गाजावाजा सर्वाधिक झाला. त्याचे प्रमाण जास्त असलेल्या गाठी शरीरात पसरण्याची शक्यता अधिक, असे २०१० साली दिसले. जनुके बंद करणाऱ्या पीआरसी२ या प्रथिनसमूहाला तो योग्य ठिकाणी नेतो, असे त्याचे स्पष्टीकरण होते. त्यावर नंतरच्या प्रयोगांनी शंका घेतली. मॅलॅट१ या दुसऱ्या लांब आरएनएबाबत तर सरळ दोन तट आहेत: उंदरांवरच्या २०१६ च्या प्रयोगात तो गाठ पसरवणारा ठरला आणि २०१८ च्या प्रयोगात पसरणे रोखणारा. त्यामानाने मायक्रोआरएनएंचे चित्र बरेच स्वच्छ आहे. २१-२२ अक्षरांचे हे तुकडे संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिननिर्मिती थांबवतात. स्तनाच्या गाठींत एमआयआर-२१ वाढलेला आणि एमआयआर-१४५ घटलेला, हे २००५ पासून माहीत आहे.

बीआरसीए१ची गोष्टही केवळ प्रथिनाच्या मजकुरापुरती नाही. काही गाठींत या जनुकाचा मजकूर शाबूत असतो, पण प्रमोटरवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटांचा थर चढून जनुक बंद पडलेले असते. २०१८ साली इंग्लंडमधल्या दोन कुटुंबांत प्रथिनाच्या मजकुराआधीच्या भागात एकाच अक्षराचा बदल सापडला. तो ज्या प्रतीवर आहे, त्या प्रतीचा प्रमोटर मिथाइल गटांनी बंद होतो आणि हा दोष पुढच्या पिढीत जातो. फक्त संकेतक भाग वाचणाऱ्या चाचणीला तो दिसत नाही.

असंकेतक जागांचा दवाखान्यातला उपयोग सध्या मुख्यतः जोखमीच्या गुणांकापुरता, म्हणजे अनेक अक्षरबदलांची जोखीम मिळून काढलेल्या आकड्यापुरता आहे. २०१९ साली मांडलेला ३१३ अक्षरबदलांचा गुणांक त्यांतला प्रमुख. तो युरोपीय वंशाच्या स्त्रियांच्या माहितीवरून बसवलेला आहे. कोणती अक्षरे एकगठ्ठा येतात आणि कोणते अक्षर किती जणींत असते, हे भारतीय लोकसंख्येत वेगळे असल्याने तो इथे तितकाच अचूक ठरत नाही. आणि स्तनाचा कर्करोग तर भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे.