डीबीतलं 'टी' लिहिलेलं बटण

फ्लॅटचं काम काढलं की टाइल्सवर महिनाभर चर्चा होते, फॉल्स सीलिंगमध्ये लाईट पिवळे की पांढरे यावरून घरात भांडणं होतात, आणि वायरिंगचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येतं, "सगळे एमसीबी नवीन टाकलेत, आता शॉकची भीती नाही." हे इतक्या लोकांकडून ऐकलंय (त्यात चांगले शिकलेले इंजिनिअरही आले) की म्हटलं आता लिहूनच टाकू. एमसीबी म्हणजे डीबीत (घरभर वीज वाटणाऱ्या डब्यात) बसवलेला, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. त्याचा आणि तुम्हाला बसणाऱ्या शॉकचा जवळपास काही संबंध नाही.

गणित शाळेतलंच आहे, ओहमचा नियम. घरात 230 व्होल्ट. ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाचा रोध ढोबळमानाने 1000 ओहम धरा, तर अंगातून जाणारा करंट होतो 230 मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. आणि गीझरचा एमसीबी असतो 16 अँपिअरचा. त्याच्या लेखी तुम्ही म्हणजे जेमतेम 50 वॅटचा बल्ब, कुणीतरी लावला असेल, चालू दे. वायर तापून जळू नये एवढंच त्याचं काम आणि ते तो चोख करतो. माणसाचं मात्र 10-15 मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या चार्ल्स डालझील यांनी हे स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन मोजलं होतं, आज असल्या प्रयोगाला कोण परवानगी देईल देव जाणे. 30 च्या वर करंट छातीतून जात राहिला तर हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहण्याचा धोका सुरू होतो.

वाचवणारा डबा वेगळा, आरसीसीबी, म्हणजे करंट वाट सोडून गळायला लागला की वीज तोडणारा स्विच. दुकानात बरेच जण अजून ईएलसीबी म्हणूनच मागतात. याच्या आत काय चालतं ते मला जाम आवडतं, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

आत एका चुंबकीय मिश्रधातूचं कडं असतं आणि फेज, न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. फेजमधून जितका करंट घरात गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात, कड्यात काहीच उरत नाही, मग घरात एसी चालू असो की ओव्हन. पण 30 मिलिअँपिअर जरी वाट चुकून तुमच्या अंगातून जमिनीत गेले तर हिशोब जुळत नाही, कड्यात बदलतं क्षेत्र तयार होतं आणि कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत किंचितसा करंट निर्माण होतो. अगदी किंचित, त्याने काही ढकलता येणार नाही. म्हणून तिथे एक छोटा कायमचुंबक बसवलेला असतो, त्याने एक पट्टी स्प्रिंगच्या ओढीविरुद्ध जेमतेम धरून ठेवलेली असते. गुंडाळीतला करंट फक्त त्या चुंबकाची पकड क्षणभर ढिली करतो, बाकी काम स्प्रिंग करते. आणि मेन कॉन्टॅक्ट उघडणारी मोठी स्प्रिंग? ती तुम्हीच लिव्हर वर करताना हाताने ताणून ठेवलेली असते! या प्रकारात बॅटरी लागत नाही, इलेक्ट्रॉनिक्स लागत नाही, जो करंट वाट चुकला त्याच्याच जोरावर सापळा सुटतो.

मानकाप्रमाणे 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने 30 ला 300 मिलिसेकंदांच्या आत आणि 150 ला 40 मिलिसेकंदांच्या आत पडायचं असतं. 40 मिलिसेकंद म्हणजे आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची दोनच आवर्तनं. शॉक बसतोच हं, तो करंट कमी करत नाही, फक्त वेळ कापतो. घरात अर्थिंग नीट असेल तर गीझरचा एलिमेंट फुटल्यावर गळती आधी अर्थच्या वायरने जाते आणि कुणी हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडतो. अर्थ नसेल तर तो पडायला तुमचंच अंग लागतं.

विकत घेताना पुढच्या बाजूला 30 एमए लिहिलंय ना बघा, 100 आणि 300 चेही मिळतात पण ते माणसासाठी नाहीत. शेजारी लाटेचं चिन्ह असतं. नुसती लाट म्हणजे एसी टाइप, लाटेबरोबर अर्धे उंचवटे असतील तर ए टाइप. हल्लीच्या इन्व्हर्टर वॉशिंग मशीनमधून होणारी गळती एका दिशेने धक्के मारणारी असू शकते, तिने कड्यातलं क्षेत्र पुरेसं वरखाली होत नाही आणि एसी टाइप गप्प बसू शकतो, त्यामुळे ए घ्या.

आता खरा घोळ. रिनोव्हेशनमध्ये इन्व्हर्टरच्या पंख्या-दिव्यांना फेज वेगळा ओढतात आणि न्यूट्रल मात्र जवळच्या बोर्डातून उचलतात. झालं, करंट एका वाटेने गेला आणि दुसऱ्या वाटेने आला, पंखा लावला की आरसीसीबी पडतो. मग वायरमन म्हणतो, "साहेब, पीसच खराब आहे, सारखा पडतोय," आणि दोन तुकडे वायर लावून तो बायपास करून जातो, वर झाकण लागलं की कळायला मार्ग नाही. पीस बरोबर होता, न्यूट्रल चुकला होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांत घरगुती जोडणीला 30 मिलिअँपिअरची मर्यादा लिहिलेली आहे, पण इंटिरिअरवाल्याच्या कोटेशनमध्ये हा विषय नसतो. डीबी आग्नेयेलाच हवा म्हणून वास्तुवाल्याच्या शब्दावर मेन केबल अख्ख्या हॉलला वळसा घालून नेणारे मात्र भेटतात. दिशा कुठलीही असू दे, सिंकच्या खाली नको म्हणजे झालं.

आरसीसीबीवरचं 'टी'चं, म्हणजे टेस्टचं, बटण दर काही महिन्यांनी दाबत जा. ते आतल्या एका रेझिस्टरमधून थोडा करंट कड्याला वळसा घालून पाठवतं, म्हणजे सापळा गंजून अडकलेला नाही एवढंच कळतं. अर्थिंगबद्दल ते काही सांगत नाही, अर्थ अजिबात नसलेल्या घरातसुद्धा त्या बटणाने डबा मस्त पडतो. त्यासाठी परवानावाल्या ठेकेदाराकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्यावं लागतं, आणि वायरींसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या बुजवायच्या आधी 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं इन्सुलेशनही. 1 मेगाओहमच्या खाली आकडा आला तर प्लास्टरवाल्याला थांबवा.