परिचारिकेचे विशेष क्षेत्र ठरते कसे: एक पार्श्वभूमी

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनी आज एकमेकींना सहज विचारतात, ‘तू पुढे कशात जाणार?’ आपल्याकडील परिचर्येच्या इतिहासात हा प्रश्न विचारण्याची सोय फार उशिरा झाली. त्याआधी परिचारिकेचे क्षेत्र ठरत असे ते मेट्रनने, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेने, लावलेल्या ड्युटीवरून, आणि बऱ्याच अंशी ते आजही तसेच ठरते.

याचे मूळ प्रशिक्षणाच्या घडणीत आहे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेल्या नाइटिंगेल यांच्या शाळेने कोणत्याही वॉर्डात उभी राहू शकेल अशी परिचारिका घडवण्याचा पायंडा पाडला आणि तोच पुढे आपल्याकडे आला. मात्र इथे त्यात एक भर पडली. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्याचा संकोच असलेल्या स्त्रियांसाठी वेगळी रुग्णालये उभी राहू लागली होती. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ मधले. बाळंतपण हे अशा रुग्णालयांचे मुख्य काम असल्याने परिचर्या आणि प्रसूतिविद्या एकाच मुलीला शिकवण्याची पद्धत रूढ झाली. इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्याने सुइणींची नोंदणी स्वतंत्र झाली आणि तो वेगळा व्यवसाय राहिला. आपल्याकडे मात्र अभ्यासक्रमाच्या नावातच ‘जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी’ अशी जोडी बसली. म्हणजे जे इतरत्र विशेष क्षेत्र होते, ते इथे प्रत्येकीच्या वाट्याला आले.

शिवाय माणसेच कमी होती. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. जिथे रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकीच्या अंगावर असे, तिथे तिची आवड विचारणे कोणाला सुचले नाही, यात नवल नाही.

विशेष क्षेत्रे जन्माला आली ती नव्या उपचारांच्या गरजेतून. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वास बंद पडू लागलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेला छेद देऊन, वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबत त्यांना जगवण्याची योजना भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी राबवली. पुढच्या वर्षी त्यांनी अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळा कक्ष उभारला. अशा कक्षात क्षणोक्षणी रुग्णावर नजर ठेवणारी परिचारिका लागते, आणि तिला श्वासोच्छ्वासाचे, हृदयाच्या ठोक्यांचे बारकावे कळावे लागतात. ‘आयसीयू सिस्टर’ ही ओळख त्यातून घडत गेली. मनोरुग्ण परिचर्येची वाट निराळी होती. अमेरिकेत हिल्डगार्ड पेप्लाउ यांनी रुग्णाशी जुळणारे नाते हेच उपचाराचे साधन मानले आणि १९५४ मध्ये रटगर्स विद्यापीठात त्या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. दोन्ही क्षेत्रांना लागणारा स्वभाव किती वेगळा आहे, हे यावरूनच दिसते.

आपल्याकडे दिल्ली आणि वेल्लोर येथे १९४६ मध्ये पदवीचे शिक्षण सुरू झाले, दिल्लीत १९५९ मध्ये पदव्युत्तर शिक्षण आले, आणि मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. एमएस्सीसाठी शल्य-वैद्यकीय, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य अशा पाच शाखा रुळल्या. पुढे अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू, ऑपरेशन थिएटर अशा विषयांच्या एक वर्षाच्या पदविका आल्या. या पदविकांनी वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकेसाठी दार उघडले, म्हणून मला त्या अधिक मोलाच्या वाटतात.

कारण आवड कळते ती वॉर्डातच. पुस्तकात कोरडा वाटलेला विषय रोटेशनमध्ये, म्हणजे पाळीपाळीने वॉर्ड बदलताना, एकदम जवळचा होतो: एखादीला काचेच्या पेटीतले किलोभर वजनाचे बाळ सांभाळताना स्वतःच्या हाताची स्थिरता उमगते, तर एखादीला ऑपरेशन थिएटरमधली शिस्त आवडते पण रुग्णाशी बोलायला मिळत नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखे होते. हे पुष्कळदा आधी हेरते ती परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर. ‘हिला माझ्याकडेच ठेवा’ असे तिने मेट्रनला सांगितले की अनेकींचे क्षेत्र ठरून जाते. ही निवड नेहमीच वाईट नसते. अनुभवी नजर चुकत नाही असेही पुष्कळदा घडते. पण लहान मूल घरी असलेली परिचारिका रात्रपाळी टाळण्यासाठी बाह्यरुग्ण विभाग मागते, किंवा परदेशी जाण्यासाठी आयसीयूचा अनुभव हवा म्हणून कोणी तिथे दोन वर्षे काढते, तेव्हा ती निवड परिस्थितीने केलेली असते.

खरी खंत पुढची आहे. महाराष्ट्राच्या शासकीय सेवेत मनोरुग्णतज्ज्ञ आणि बालरुग्णतज्ज्ञ परिचारिका अशी पदे आहेत, पण बहुतेक विशेष क्षेत्रांसाठी स्वतंत्र पद नाही. त्यामुळे रजा घेऊन, पदरमोड करून पदविका मिळवलेली परिचारिका परतल्यावर पुन्हा सर्वसाधारण बदलीच्या यादीत येते, आणि तिने शिकलेले वापरायला मिळेलच याची खात्री नसते.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसूतिविद्येतील नर्स प्रॅक्टिशनरचा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम जाहीर केला. जे काम शंभर वर्षे प्रत्येकीवर सोपवले गेले होते, तेच आता मागून घेऊन शिकायचे क्षेत्र झाले. गुंतागुंत नसलेली बाळंतपणे अशा परिचारिकांनी स्वतंत्रपणे हाताळावीत, अशी त्यामागची कल्पना आहे. शिकून आलेल्या मुलींना प्रसूतिकक्षातच नेमले जाते की नाही, त्यावर ही वाट किती जणी धरतील हे अवलंबून राहील.