फाउंटन पेंट पॉट : उकळत्या चिखलाकडे जाण्याआधी

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या प्रसिद्ध कारंज्यापासून उत्तरेला सुमारे १३ किलोमीटरवर फाउंटन पेंट पॉट ही उकळत्या चिखलाची जागा आहे. लाकडी फळ्यांची गोल वाट किलोमीटरहून कमीच भरते, थोडा चढ सोडला तर सोपी. चालायला अर्धा तास पुरतो. आम्ही मात्र तासभर थांबतो, कारण चिखल घाईत दिसत नाही.

इथे जमिनीखाली उष्णता भरपूर, पाणी कमी. वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड वर येतो (सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच). सूक्ष्मजीवांच्या मदतीने त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि ते खडकाला खाऊन त्याची मऊ चिकणमाती करतं. पाणी भरपूर असतं तर ही माती वाहून गेली असती. गुलाबी, तांबूस छटा लोहाच्या ऑक्साइडांच्या.

एकाच बुडबुड्यावर नजर ठेवा. आधी गुळगुळीत फुगवटा येतो, ताणतो, मग ‘फद्’ आवाज करून फुटतो. मागे एकात एक कडी उमटतात आणि ती मिटायच्या आत पुढचा फुगा वर आलेला असतो. वाफ आणि वायू चिखलातून वाट काढतात, त्याचा हा खेळ.

चिखल किती दाट, हे पाणी ठरवतं. जूनच्या सुमारास बर्फ वितळलेलं असतं, तेव्हा तो पातळ असतो आणि रटरटतो. उन्हाळा सरता सरता घट्ट होतो, गोळे उंच उडतात. आमची पसंती याच दिवसांना. जवळचा रेड स्पाउटर हा गरम झराही असाच पाण्यावर अवलंबून: ओल्या दिवसांत लाल गढूळ पाणी उडवतो, कोरड्या दिवसांत नुसता वाफेने फुसफुसतो. १९५९ च्या हेब्गेन लेक भूकंपाआधी तिथे गवताळ उतार होता.

फळ्यांवरून पाय खाली ठेवायचा नाही, हा उद्यानाचा नियम आहे. पांढरी, कोरडी दिसणारी जमीन खालून पोकळ असू शकते. एवढ्या उंचीवर पाणी ९३ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. पाऊल आत गेलं की गंभीर भाजतं. टोपी उडाली तर तिच्यामागे जाऊ नका, रेंजरला सांगा. लहान मुलांचा हात सोडू नका, सगळीकडे कठडे नाहीत. बोट बुडवून पाहणं नाही, खडे टाकणं नाही. टाकलेल्या वस्तूंनी झऱ्यांची तोंडं बुजतात.

बूट घट्ट तळाचे घाला; थंड सकाळी वाफ फळ्यांवर गोठते आणि पाय सरकतो. त्याच वेळी वाफ इतकी दाट असते की चिखल धड दिसत नाही, म्हणून जरा ऊन चढल्यावर निघू. चष्म्यावर किंवा कॅमेऱ्याच्या लेन्सवर तुषार पडले तर लगेच पुसा. वाळले की पाण्यातल्या सिलिकाचे (वाळूत असतं ते खनिज) डाग राहतात आणि ते निघत नाहीत. दम्याचा त्रास असेल तर इनहेलर जवळ ठेवा, वाऱ्याची दिशा बघून उभे राहा; डोकं दुखू लागलं तर तिथून हला. पाळीव कुत्र्यांना वाटेवर बंदी आहे.

परतताना वाळलेल्या पाइनच्या झाडांचे बुंधे बघा. खालचा हातभर भाग पांढरा दिसेल: झाडांनी शोषलेल्या पाण्यातली सिलिका तिथे साचली आहे. वाटेत बायसन (इथला रानबैल) दिसला तर निदान २३ मीटर अंतर ठेवा आणि तो बाजूला होईपर्यंत थांबा.