डार्क मोड करून घेण्याआधी

२०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ आले आणि डार्क मोडचं, म्हणजे गडद पार्श्वभूमीवर फिकी अक्षरं दाखवण्याचं, बटण थेट फोनच्या सेटिंगमध्ये येऊन बसलं. तेव्हापासून ग्राहक आम्हा वेबसाइट बनवणाऱ्यांना विचारतात, "आमच्या साइटलाही डार्क मोड द्या. नुसते रंग उलटे करायचे ना?" तेवढ्यावर भागत नाही. आम्ही या कामाला वेळ का मागतो, ते इथे सांगतो.

ठार काळ्यावर पांढरंशुभ्र अक्षर ठेवलं की ते चमकतं आणि त्याच्या कडा पसरल्यासारख्या दिसतात. ॲस्टिग्मॅटिझमचा (नजरेच्या एका दोषाचा, ज्यात कडा धूसर दिसतात) चष्मा असणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. म्हणून पार्श्वभूमीला आम्ही ठार काळा वापरत नाही. गूगलच्या मटेरियल डिझाइनने सुचवलेला १२१२१२ या रंग-कोडचा गडद राखाडी वापरतो आणि अक्षर किंचित मळकट पांढरं ठेवतो. कार्ड, मेनू, पॉपअप असं जे वर उचललेलं दिसायला हवं, त्याला त्याहून थोडी फिकी छटा देतो, कारण काळोखात सावली दिसतच नाही.

मराठी मजकुरात ही चमक जास्त नडते. 'प'च्या पोटातली तिरकी रेघ भरून गेली तर 'ष' ओळखू येत नाही. 'घ' आणि 'ध' यांच्यात तर एवढ्याशा वळणाचाच फरक. अनुस्वाराचा टिंब वेलांटीला चिकटतो, जोडाक्षरं गच्च होतात. डार्क मोडसाठी आम्ही फॉन्टची जाडी थोडी कमी करतो, ओळींमधलं अंतर वाढवतो आणि तुमचाच खरा मजकूर, दरपत्रकासकट, साध्या फोनवर वाचून बघतो. इंग्रजी नमुना मजकुरावर छान दिसलेलं डिझाइन मराठीत फसलेलं आम्ही पाहिलं आहे.

मग येतो दुकानाचा रंग. समजा, तुमचा रंग गडद मरून आहे, कोड ८०००००. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, जवळपास ११:१ भरतो. तोच रंग १२१२१२ वर ठेवला तर २:१ सुद्धा भरत नाही. साध्या मजकुराला किमान ४.५:१ हवा, हा वेबच्या सुलभतेचा सर्वमान्य नियम आहे. त्यामुळे डार्क मोडमध्ये त्याच मरूनची उजळ बहीण शोधावी लागते. ती ओळखीची वाटली पाहिजे, हे आमच्या कामातलं सगळ्यात नाजूक काम.

आमच्या हातून झालेली एक चूकही सांगतो. एका ग्राहकाच्या पेमेंट पानावर क्यूआर कोडचे रंगही बाकी पानासोबत उलटे झाले. काही फोन तो वाचत होते, काही नाही, आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत होतं. तेव्हापासून क्यूआर कोड आम्ही दोन्ही मोडमध्ये काळाच, पांढऱ्या चौकटीत आणि भोवती कोरी जागा सोडून ठेवतो. दागिन्यांचे, साड्यांचे, पदार्थांचे फोटोही कधीच उलटे करत नाही.

बॅटरी वाचते का? ओएलईडी स्क्रीनवर वाचते, कारण तिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका बंद राहतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं, तेव्हा ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना सरासरी ३ ते ९ टक्केच बचत दिसली. पूर्ण ब्राइटनेसला ती बरीच जास्त होती. एलसीडी स्क्रीनचा मागचा दिवा मात्र काळ्या पानालाही जळत राहतो, तिथे फारशी आशा ठेवू नका.

फक्त डार्क मोडच ठेवा, असं मात्र आम्ही कुणालाच सुचवणार नाही. भर उन्हात काळी स्क्रीन आरशासारखी होते. साइट आधी फोनच्या सेटिंगप्रमाणे उघडेल आणि वर एक बटण असेल. गिऱ्हाइकाने एकदा निवडलं की पुढच्या वेळी तेच राहील. पान उघडताना क्षणभर पांढरा झोत डोळ्यांवर येणार नाही, हेही आम्ही तपासून देतो.

काम सुरू करताना लोगोची मूळ फाइल द्या. व्हॉट्सॲपवरून आलेला, पांढरी चौकट चिकटलेला जेपीजी चालत नाही. तयार झालेली साइट रात्री दिवे मालवून घरातल्या वयस्कर माणसाला वाचायला द्या आणि कुठे अडलं ते आम्हाला कळवा. त्या दुरुस्त्या ठरलेल्या रकमेतच होतील.